घाटवाटेची पाहणी : कातळाचे थर आणि परतीचा मार्ग

सह्याद्रीच्या पश्चिम कड्यातील मोडलेली घाटवाट पुन्हा शोधून काढायची असेल, तर त्या कड्याची घडण आधी समजून घेणे अगत्याचे ठरते. कारण वाट कोठे सुटेल, कोठे अडेल आणि कोठून मागे फिरणे अशक्य होईल, हे तेथे लाव्ह्याच्या थरांनीच ठरवून दिलेले असते. ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर उभा असलेला हरिश्चंद्रगड हे याचे उत्तम उदाहरण होय. पाचनईची वाट आणि खिरेश्वरहून टोलारखिंडीमार्गे चढणारी वाट, या दोन्ही मळलेल्या आहेत; कोकणातील बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट खडतर असली तरी गिर्यारोहकांच्या परिचयाची आहे. या ओळखीच्या वाटांच्या अवतीभवती मात्र अशा अनेक घळी आहेत, ज्या कोकणातून पाहता थेट माथ्यापर्यंत गेल्यासारख्या दिसतात आणि प्रत्यक्षात मध्येच तुटतात. अशा घळींच्या पाहणीतून जे अनुभव हाती आले, त्यांच्या आधारे पुढील विवेचन केले आहे.

दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून वारंवार बाहेर आलेल्या लाव्ह्याने घडले. प्रत्येक प्रवाह पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा प्रवाह आला, अशा रीतीने जवळजवळ आडवे थर एकावर एक रचले गेले. यांतील प्रत्येक थर अंतर्बाह्य सारखा नसतो. त्याचा मधला भाग सावकाश थंड झाल्यामुळे घट्ट आणि उभ्या भेगांचा असतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहिलेला असतो आणि त्या छिद्रांत पुढे झिओलाइट किंवा गारगोटी यांची स्फटिके भरलेली आढळतात. घट्ट भाग झिजताना उभ्या भेगांवर तुटतो आणि सरळ कडा तयार होतो. सच्छिद्र भाग मुरमासारखा भुगा होऊन उताराचा होतो आणि त्यावर माती, गवत व कारवी वाढते. कड्याच्या अंगावर आडव्या धावणाऱ्या अशा अरुंद सपाटीला 'पदर' म्हणतात. कडा आणि पदर यांची ही आलटून पालटून येणारी मांडणी ध्यानात घेतली, म्हणजे कोणतीही घाटवाट मूलतः दोन पदरांमधला कातळटप्पा ओलांडण्याचा उपाय असते, हे स्पष्ट होते.

दोन प्रवाहांच्या सांध्यात पुष्कळदा तांबड्या मातीसारखा एक थर दिसतो. पहिला प्रवाह थंड झाल्यावर त्याच्या पृष्ठभागाची जी झीज होऊन माती झाली, ती पुढच्या प्रवाहाखाली दबली आणि भाजली, अशी त्याची सर्वसाधारण उपपत्ती सांगितली जाते. पाहणी करणाऱ्याच्या दृष्टीने हा थर जितका उपयोगी तितकाच घातक असतो. वरच्या भेगांतून झिरपलेले पाणी या चिकण थरावर अडून बाहेर पाझरते, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी शोधायचे झाल्यास प्रथम याच रेषेकडे पाहावे. मात्र हाच थर नखाने उकरला तरी तांबडी भुकटी सुटते, हिवाळ्यात त्यावर बारीक खडीचा घसारा साचलेला असतो आणि बुटाचा तळ त्या खडीवर टेकताच पाऊल कड्याच्या बाजूला सरकू लागते. शिवाय मऊ थर आतून पोखरला जाऊन वरचा कातळ छपरासारखा पुढे आलेला असतो, त्यामुळे हाताने धरलेली धार भक्कम वाटली तरी तिच्याखाली आधार असेलच असे नाही.

नाळ किंवा नळी ही या रचनेतील आणखी एक फसवी जागा आहे. आडव्या थरांना छेदून जाणाऱ्या उभ्या भेगेवर पाण्याने झीज केली, किंवा अशा भेगेत नंतर घुसून थिजलेली अग्निजन्य भिंत भोवतालच्या खडकाच्या आधी झिजली, म्हणजे दोन उंच भिंतींमधली अरुंद, धोंडांनी भरलेली घळ तयार होते. तिच्यातून वर जाणाऱ्याला प्रत्येक घट्ट थर एका कोरड्या धबधब्याच्या रूपाने भेटतो. खालून हे टप्पे मोजता येतात. वरून पाहणाऱ्याला मात्र प्रत्येक टप्प्याची केवळ कड दिसते, तिच्याखालची उंची दिसत नाही. पाहणीतील सर्वांत मोठा धोका येथेच दडलेला आहे.

प्रस्तुत लेखकाचा सहभाग असलेल्या एका पाहणीत माथ्यावरून अशाच एका घळीत उतरण्यास प्रारंभ करण्यात आला. पहिला टप्पा बसत-घसरत उतरता आला, दुसऱ्या टप्प्यावर दोर दुपदरी सोडून उतरल्यावर तो ओढून घेण्यात आला आणि तिसऱ्या टप्प्याच्या काठावर पोहोचल्यानंतरच खालचा तळ दोराच्या आवाक्याबाहेर असल्याचे ध्यानात आले. सुटलेल्या दगडाला तळाशी आदळण्यास २ सेकंद लागले तर उंची सुमारे २० मीटर आणि ३ सेकंद लागले तर ती ४० मीटरांहून अधिक असते. उलट ३० मीटरचा दोर दुपदरी केल्यास १५ मीटरच पुरतो, हा हिशेब अशा वेळी निर्णायक ठरतो. मागील दोन्ही टप्पे दोराविना चढण्याजोगे नव्हते. अखेर तांबड्या थराच्या रेषेने आडवे जात, कारवीच्या खोडांना धरून शेजारच्या सोंडेवरील ढोरवाट गाठण्यात आली. परंतु तोपर्यंत अंधार पडल्याने रात्र पदरावरच काढावी लागली. या प्रसंगातून निघणारा नियम असा की, अपरिचित घळीची पहिली पाहणी खालून वर करावी, कारण चढताना अडलेला मनुष्य सहसा ज्या टप्प्यांवरून आला तेथूनच परतू शकतो, तर उतरताना अडलेल्याच्या दोन्ही बाजू बंद होतात. वरून उतरणे अपरिहार्यच असेल, तर पुढचा टप्पा पाहून होईपर्यंत मागचा दोर काढून घेऊ नये.

नकाशांवर किती विसंबावे, याचाही विचार येथे करणे आवश्यक आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांत दोन समोच्च रेषांमधील, म्हणजे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधील, अंतर सामान्यतः २० मीटरांचे असते. त्यामुळे १५ मीटरांचा सरळ कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये बसून नकाशावर साध्या उतारासारखा दिसू शकतो. उपग्रहचित्र वरून घेतलेले असल्याने उभ्या कड्याला त्यात जवळपास जागाच नसते, आणि अरुंद नाळेचा तळ बहुधा सावलीत बुडालेला असतो. भ्रमणध्वनीवरील स्थाननिर्देशही उंच भिंतींमध्ये संदेश परावर्तित झाल्याने चुकू शकतो. म्हणून समोरच्या डोंगरावरून, सकाळच्या आणि दुपारच्या अशा दोन्ही उन्हांत, दुर्बिणीने कड्याचे निरीक्षण करून थर मोजावेत आणि कोणता पदर कोणत्या सोंडेला मिळतो, याचे रेखाटन करून घ्यावे. सुटकेची आडवी वाट बहुतेक वेळा याच रेखाटनात सापडते.

कड्याखालच्या ठाकर आणि महादेव कोळी वस्त्यांतील जाणत्यांकडे या वाटांचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे, परंतु ते मिळवण्यासाठी प्रश्न नेमका विचारावा लागतो. "वाट आहे का?" या प्रश्नाला "हाय की" असे उत्तर सहज मिळते आणि ते खरेही असते, कारण पूर्वी कोणीतरी तेथून गेलेले असते. त्याऐवजी "गेल्या पावसाळ्यानंतर कोणी गेलं होतं का?", "डोक्यावर ओझं घेऊन जाता येतं का?" आणि "ढोरं कुठपर्यंत जातात?" असे विचारल्यास वाटेची आजची स्थिती कळते. ढोरवाट जेथे संपते तेथून पुढे कातळ सुरू होतो, हे अनुमान क्वचितच चुकते. शक्य असेल तेथे वाटाड्या सोबत घ्यावा, त्याचा योग्य मोबदला आधी ठरवावा आणि त्याने "आता मागं फिरू" म्हटल्यावर वाद घालू नये.

ऋतूच्या बाबतीत फारशी निवड उरत नाही. जून ते सप्टेंबर या काळात नाळेतून पाण्याबरोबर दगड येतात, म्हणून तेव्हा घळीत पाऊल टाकू नये. पावसाळा सरल्यावरही ओलसर कातळ आणि माणसाहून उंच गवत यांमुळे कड दिसत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा असतो. मार्चनंतर पश्चिमाभिमुख काळा कातळ दुपारी तापतो आणि पाझरही आटतात, तेव्हा पाण्याचा संपूर्ण साठा सोबत बाळगावा. माकडांच्या धावपळीनेही वरून दगड सुटतात, म्हणून शिरस्त्राण घालावे आणि घळीत एकाखाली एक उभे राहू नये. कड्याच्या छपराखाली आग्यामोहोळ आढळल्यास धूर, उग्र वास व आरडाओरडा टाळून तो टप्पा सोडून द्यावा. हरिश्चंद्रगडाचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्याने वनविभागाच्या नियमांचे पालन करावे, तसेच परतण्याची वेळ गावातील एका जबाबदार व्यक्तीला सांगून ठेवावी.

पाहणीचे फलित केवळ वाट सापडण्यात मोजू नये. कोणता टप्पा किती उंचीचा आहे, कोठे दोर लावावा लागला, पाणी कोणत्या महिन्यात होते आणि कोठून मागे फिरावे लागले, याची नोंद अर्धवट राहिलेल्या पाहणीचीही ठेवावी. कारण त्याच घळीत उद्या उतरू पाहणाऱ्याला अशी नोंद सावध करू शकते. ज्या वाटेने स्वतः चढून आणि उतरून खात्री केलेली नाही, ती वाट 'जाण्याजोगी' म्हणून कोणालाही सांगू नये.