भूत कुणाचं? : 'द लिटल स्ट्रेंजर'मधल्या माणसांचा अभ्यास

हॉस्टेलवर लाइट गेली की भुताच्या गोष्टी सुरू होतात, हे काही नवीन नाही. पण या गोष्टींमध्ये एक गंमत असते. भुताचं वर्णन भरपूर – पांढरी साडी, उलटे पाय, वगैरे वगैरे – पण ज्याला भूत दिसलं तो माणूस कसा होता, त्याच्या डोक्यात त्या दिवसांत काय चाललं होतं, हे कोणीच सांगत नाही. 'सीनियरच्या मित्राला दिसलं होतं,' बस्स, विषय संपला!

इंग्रजी साहित्यात 'गॉथिक' नावाचा जो प्रकार आहे, त्यातल्या चांगल्या गोष्टींत नेमकं उलटं असतं. भूत कमी, माणसं जास्त. या प्रकाराची सुरुवात होरेस वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' (१७६४) या कादंबरीपासून मानतात. पुढे एडगर अ‍ॅलन पोने 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' (१८३९) या कथेत ढासळणारं घर आणि ढासळणारं कुटुंब एकत्र बांधून टाकलं. या लेखात मी याच परंपरेतली एक अलीकडची कादंबरी घेतली आहे – सेरा वॉटर्स या लेखिकेची 'द लिटल स्ट्रेंजर'. ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्या वर्षी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. २०१८ मध्ये तिच्यावर त्याच नावाचा चित्रपटही आला. (एक सूचना : अभ्यास करायचा तर शेवट सांगावाच लागतो. ज्यांना आधी वाचायची आहे त्यांनी इथेच थांबा!)

घर – हेही एक पात्रच

गोष्ट घडते इंग्लंडमधल्या वॉरिकशायर परगण्यात, १९४७ च्या सुमारास. हंड्रेड्स हॉल हा एअर्स घराण्याचा जुना वाडा. एकेकाळी नोकरचाकर, बागा, मेजवान्या. आता अर्ध्या खोल्या बंद, छत गळतंय, वॉलपेपर सुटलाय, आणि कामाला जेमतेम एक पोरगी. तबेल्यावरचं घड्याळ आठ-चाळीसला थांबलेलं आहे. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधल्या मिस हॅविशॅमच्या घड्याळासारखं म्हणून घरातल्या भावंडांनीच ते गमतीत तसं लावून ठेवलंय. म्हणजे आपण बुडतोय हे त्यांना पक्कं माहीत आहे, आणि त्यावर हसायची पद्धतही त्यांना येते.

हे घर कुठल्या शापाने पडत नाहीये, हे लक्षात घ्या. त्याला साधी कारणं आहेत. १९४५ मध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं. मोठ्या इस्टेटींवरचा वारसा-कर १९४६ मध्ये वरच्या टोकाला ७५ टक्क्यांपर्यंत गेला. दोन महायुद्धांनंतर नोकर मिळेनासे झाले. त्या काळात इंग्लंडमधले असे कितीतरी वाडे विकले गेले, पाडले गेले. कादंबरीत एअर्स कुटुंबालाही जमीन विकावी लागते आणि तिथे सरकारी घरं बांधायला सुरुवात होते. भूत यायच्या आधीच घराला घरघर लागलेली आहे!

घरातली माणसं

बेटी ही चौदा वर्षांची मोलकरीण. पोटात दुखतंय असं खोटंच सांगते, म्हणून डॉक्टरला बोलावतात. खरं कारण हे की तिला या घराची भीती वाटते. घरात काहीतरी वाईट आहे, हे सगळ्यात आधी ती सांगते. पण मोलकरणीचं कोण ऐकणार?

रॉडरिक हा घरचा मुलगा. महायुद्धात हवाई दलात होता, विमान पडलं, भाजला, पाय अधू झाला. विशी-पंचविशीत सगळ्या इस्टेटीचे हिशेब त्याच्या गळ्यात. त्याला आपल्या खोलीतल्या वस्तू हलताना दिसतात, दाढीचा आरसा आपल्याकडे सरकत येताना दिसतो. हे जे काही आहे ते आपल्या खोलीत अडकवून ठेवलं तर आई आणि बहीण वाचतील, असं समजून तो एकटाच पहारा देत बसतो. शेवटी त्याच्या खोलीला आग लागते आणि त्याची रवानगी मानसोपचाराच्या क्लिनिकमध्ये होते. (पोच्या कथेतल्या नायकाचं नावही रॉडरिकच आहे.)

मिसेस एअर्स म्हणजे आई. तिची पहिली मुलगी सुझन लहानपणीच घटसर्पाने गेली. भिंतींवर 'एस' हे अक्षर उमटलेलं दिसायला लागतं, तेव्हा आईला भीती वाटतेच, पण तिला ते हवंसंही वाटतं. लेक परत आली! भुताच्या गोष्टीत सहसा भूत माणसाच्या मागे लागतं, इथे आईच भुताच्या मागे जाते. तिचा शेवट आत्महत्येत होतो.

कॅरोलिन ही मुलगी. माझ्या मते सगळ्यात जिवंत पात्र. युद्धात नौदलाच्या महिला शाखेत काम केलेली, जाड मोजे घालून घरभर राबणारी, दिसण्याची फिकीर नसलेली. भावाची सेवा करायला तिला घरी परत बोलावलं जातं आणि ती तिथेच अडकते. घर वाचवावं असं बाकी सगळ्यांना वाटतं. तिला त्यातून बाहेर पडायचंय.

आणि डॉक्टर फॅरडे

आता मुख्य माणूस. सगळी गोष्ट हाच सांगतो. पूर्ण कादंबरीत त्याचं पहिलं नाव कुठेच येत नाही! त्याची आई याच वाड्यात मुलं सांभाळायच्या कामाला होती. आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन त्याला डॉक्टर केलं. १९१९ मध्ये, दहा वर्षांचा असताना, तो पहिल्यांदा या वाड्यात येतो आणि चाकूने भिंतीवरच्या नक्षीतलं प्लास्टरचं एक छोटं फळ उकरून काढतो. नासधूस करायची म्हणून नाही. घर इतकं आवडलं की त्याचा तुकडा आपल्याजवळ असावा म्हणून. सगळी कादंबरी या एका कृतीत आहे असं मला वाटतं.

मोठेपणी हाच माणूस घराचा डॉक्टर होतो. शांत, समजूतदार, विज्ञाननिष्ठ. भुताबितांवर विश्वास नाही. आपल्याला, म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांना, तो लगेच आपल्यातला वाटतो. बेटी घाबरली – घरची आठवण येत असेल. रॉडरिक – युद्धाचा परिणाम, कामाचा ताण. मिसेस एअर्स – वय आणि दुःख. कॅरोलिन – थकवा. प्रत्येक निदान सुटंसुटं बघितलं तर पटतं. पण चार निदानं झाली आणि पेशंट एकही बरा झाला नाही! लॅबमध्ये असं झालं तर आपण काय करतो? आधी रीडिंग्ज तपासतो, मग इन्स्ट्रुमेंट तपासतो. आणि इथे सगळी रीडिंग्ज घेणारा एकच आहे – स्वतः फॅरडे.

'फॅरडे' म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मायकेल फॅरडे, १८३१, इलेक्ट्रोमॅग्नेटिक इंडक्शन. आणि कादंबरीतला हा डॉक्टर रॉडरिकच्या पायावर उपचार कशाने करतो? इंडक्शन कॉइलने! त्या निमित्ताने त्याचं घरात नियमित येणं-जाणं सुरू होतं. लेखिकेने हे मुद्दाम केलंय का, ते बाजूला ठेवू. पण इंडक्शनचं तत्त्व इथे छान लागू पडतं. दोन कॉइल्स एकमेकींना जोडलेल्या नसतात. एकीतला करंट बदलला की दुसरीत व्होल्टेज तयार होतं, मध्ये तारेचा संबंध नसताना. फॅरडे कुणाला हात लावत नाही. पण त्याच्या मनात अपमान, हेवा, हव्यास यांचा करंट बदलला की घरात काहीतरी घडतं. एका पार्टीत तो पाहुणा म्हणून जातो आणि लोकांना वाटतं डॉक्टर ड्यूटीवर आलाय. त्याच रात्री घरातला गरीब म्हातारा कुत्रा, जिप, एका लहान मुलीला चावतो आणि रॉडरिकच्या खोलीतले प्रकारही तेव्हाच सुरू होतात. फॅरडेचाच मित्र डॉक्टर सीली एक कल्पना मांडतो, की माणसाच्या मनाचा दडपलेला भाग त्याच्या नकळत सुटा होऊन बाहेर वावरत असेल तर? 'लिटल स्ट्रेंजर' हा जुन्या इंग्रजीत जन्माला येणाऱ्या बाळासाठी वापरायचा शब्द. म्हणजे हे भूत मेलेल्याचं नाही. कुणीतरी जिवंत माणसाने ते जन्माला घातलंय.

आपल्याकडे नारायण धारपांच्या समर्थकथा ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हा फरक लगेच कळेल. तिथे समर्थ आले की वाचक निर्धास्त होतो, कारण जाणकार माणूस आपल्या बाजूला आहे. इथे जाणकार माणूसच संशयित आहे, आणि त्याला स्वतःलाही ते माहीत नाही.

'तू' की 'तुम्ही'?

फॅरडे आणि कॅरोलिनचं लग्न ठरतं. लग्नाचा पोशाख आणि अंगठी तोच आणतो. राहायचं कुठे, हा प्रश्न त्याला पडतच नाही – हंड्रेड्समध्येच! कॅरोलिन लग्न मोडते. याला मी नकोय, घर हवंय, हे तिने ओळखलेलं असतं. जी त्यांच्या लग्नाची रात्र असणार होती, त्याच रात्री ती वरच्या मजल्यावरून खाली पडून मरते. फॅरडे त्या वेळी दूर तळ्याकाठी गाडीत झोपलेला असतो. चौकशीत बेटी सांगते की पडण्याआधी बाईसाहेबांनी एकच शब्द उच्चारला, ओळखीचं कुणीतरी समोर दिसावं तसा. तो शब्द म्हणजे इंग्रजीतला 'यू'.

याचं मराठी कसं करणार? मी बराच वेळ यावर अडून बसले. 'तुम्ही' म्हटलं तर लगेच डॉक्टरकडे बोट जातं. 'तू' म्हटलं तर? नवरा होणार होता त्यालाही 'तू' म्हणता येईल, मेलेल्या बहिणीलाही, आणि चाकू घेऊन आलेल्या त्या दहा वर्षांच्या मुलालाही. इंग्रजीत एका शब्दात सगळी माणसं लपतात. मराठीत ती लपत नाहीत, निवड करावीच लागते. माझी निवड 'तू'. कारण मला वाटतं, तिला दिसला तो मुलगाच असावा.

१९४८ च्या जुलैत राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होते आणि फॅरडेचं बरं चालतं. घर मात्र ओस पडतं. त्याच्याकडे किल्ली असते, तो तिथे जात राहतो, भूत शोधत. काचेत काहीतरी दिसल्यासारखं वाटतं, बघतो तर त्याचाच चेहरा.

आपण काय घ्यायचं?

भुतावर विश्वास ठेवा असं ही कादंबरी सांगत नाही. तिचा मुद्दा मला असा वाटतो – बेटीपासून कॅरोलिनपर्यंत प्रत्येकाने आपल्याला काय होतंय ते सांगितलं होतं. फॅरडेने कुणालाच खोटं पाडलं नाही, फक्त नाव दिलं आणि झोपेचं औषध दिलं. हॉस्टेलवर एखादी मैत्रीण म्हणते, 'मला रूमवर बरं वाटत नाही गं,' आणि आपण म्हणतो, 'टेन्शन घेऊ नकोस, सबमिशन्समुळे होतं तसं.' कारण कदाचित बरोबरही असतं. पण तिचं बोलणं तिथेच संपतं. कारण सांगायची घाई न करता आधी पूर्ण ऐकून घ्यायला दहा मिनिटं लागतात. हंड्रेड्स हॉलमध्ये तेवढी दहा मिनिटं कुणी कुणाला दिली नाहीत.