शरीराची आठवण

आमच्या आजीच्या दंडावर दोन गोल वण आहेत. लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी त्यांवरून बोट फिरवीत असे. ते देवीच्या लसीचे. माझ्याही दंडावर एक वण आहे, पण लहान, तो बी.सी.जी.चा, म्हणजे क्षयाच्या लसीचा. देवीची लस मला कोणी टोचली नाही, कारण भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला आणि १९८० साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला, आजीच्या शरीरात मात्र त्याची आठवण अजून असू शकेल. हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. लस टोचल्यानंतर कित्येक दशकांनी माणसांचे रक्त तपासले, तेव्हा त्या विषाणूच्या जातीला ओळखणाऱ्या पेशी त्यात सापडल्या आहेत.

मी इतिहासाचा विद्यार्थी. शास्त्राशी माझा संबंध दहावीलाच संपला. तरीही शास्त्र शाखेतल्या एका मित्राची पुस्तके सुट्टीभर घेऊन बसलो, त्याला कारण घडले ते आजीच्याच एका जुन्या दुःखाचे. ते पुढे येईल.

रोगजंतूंना शरीरात शिरणे तसे सोपे नाही. बाहेर कातडीचा कोट, नाका-घशात चिकट स्राव, पोटात आम्ल, डोळ्यांतल्या पाण्यातसुद्धा जंतू फोडणारे द्रव्य असते. यातूनही कोणी आत घुसलाच, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळावयास धावतात. काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. ही त्या धावपळीची खूण. आपण ज्याला पू म्हणून नाक मुरडतो, त्यात याच लढाईत मेलेल्या पेशी मोठ्या संख्येने असतात. पण हे पहारेकरी आंधळे नसले तरी ढोबळ नजरेचे. परका दिसला की मारायचा, एवढेच त्यांना कळते. नेमका कोण, हे ओळखणारे दुसरेच.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. लहानपणी मला वाटे, जखम खाली आणि गाठ वर, हा काय प्रकार! आता कळले की त्या गाठी म्हणजे चावड्याच होत. जखमेजवळच्या काही पेशी जंतूचा तुकडा उचलून तेथे आणतात आणि तेथे जमलेल्या असंख्य लसिकापेशींपुढे तो धरतात. यातली प्रत्येक पेशी एकाच विशिष्ट आकाराला ओळखते. ज्या पेशीला तो तुकडा नेमका बसतो, ती भराभर आपल्यासारख्या हजारो निर्माण करते. त्यांतल्या काही प्रतिपिंडे तयार करून रक्तात सोडतात आणि ती जंतूला जाऊन चिकटतात. दुसऱ्या काही, विषाणू शिरलेल्या आपल्याच पेशींना ठार करतात.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट अशी. शरीर शिंप्याप्रमाणे माप घेऊन कपडा शिवत नाही. ते तयार कपड्यांचे अफाट दुकान आहे. ज्या जंतूची अजून गाठही पडलेली नाही, त्याच्या मापाची पेशीसुद्धा आत कोठेतरी आधीपासून असते. बर्नेट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने १९५७ साली हा विचार मांडला. आणि थोड्या जनुकांच्या तुकड्यांची उलटसुलट जुळणी करून शरीर एवढे वैविध्य कसे साधते, हे दाखविल्याबद्दल तोनेगावा यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र दुकान मोठे म्हणून हवा तो कपडा शोधायला वेळ लागतो. पहिल्या खेपेस आठवडा-दोन आठवडे जातात, आणि तेवढ्यात माणूस अंथरुणाला खिळतो, कधी दगावतोही. लढाई संपली की बहुतेक पेशी मरून जातात, पण थोड्या मागे राहतात. त्याच स्मृतिपेशी. तोच जंतू पुन्हा आला तर त्या इतक्या तातडीने उठतात की आपल्याला पत्ताही लागत नाही. लस म्हणजे खऱ्या लढाईवाचून ही आठवण तयार करण्याची युक्ती.

ही आठवण किती टिकते? याचे उत्तर प्रयोगशाळेत नव्हे, तर इतिहासात सापडले, याचा मला थोडा अभिमान वाटतो. उत्तर अटलांटिक महासागरात फॅरो नावाची बेटे आहेत. तेथे १७८१ साली गोवराची साथ आली, आणि त्यानंतर पासष्ट वर्षे गोवर फिरकलाच नाही. १८४६ साली कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो परत आला. सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० वर माणसे आजारी पडली. डॅनिश सरकारने पानुम नावाच्या पंचवीस वर्षांच्या डॉक्टरला तेथे धाडले. त्याने गावोगाव फिरून चौकशी केली. ज्या वृद्धांना १७८१ साली गोवर येऊन गेला होता, त्यांतल्या एकालाही तो पुन्हा आला नाही. ज्या वृद्धांना तेव्हा आला नव्हता, ते मात्र नातवंडांबरोबर पडले! लिपी नाही, दप्तर नाही, आणि पासष्ट वर्षांपूर्वीची नोंद शाबूत. आमच्या अभिलेखागारांनी लाजावे.

आता आजीची गोष्ट. माझ्या वडिलांच्या आधी तिला एक मुलगी होती. म्हणजे माझी थोरली आत्या. पण ती साडेतीन वर्षांचीच राहिली. १९७० च्या सुमारास तिला गोवर आला. उंबऱ्यावर लिंबाचा डहाळा लावला, घरात फोडणी बंद झाली. गोवर मावळला, आजीने लिंबाच्या पाण्याने पोरीला न्हाऊ घातले, दहीभाताचा नैवेद्य दाखविला. पोर हिंडू-फिरू लागली. आणि दीड महिन्याने छातीत कफ दाटून चार दिवसांत गेली. आजीच्या सासूबाई म्हणाल्या, "एक दिवस आधी न्हाऊ घातलंस." ते वाक्य आजीने पन्नासहून अधिक वर्षे जपून ठेवले आहे. बोलताना ती एवढेच म्हणते, "गोवर गेला, पण पोरीचं अंग पोकळ करून गेला."

हे 'पोकळ' मी पुस्तकात शोधीत होतो, आणि ते सापडले. १९०८ साली पिर्के या व्हिएन्नाच्या डॉक्टरने पाहिले होते की, क्षयाच्या चाचणीत ज्या मुलांच्या कातडीवर गांधी उठत असे, त्यांना गोवर आला की ती उठेनाशी होते. शरीर जणू क्षयाला विसरले! कारण पुढे उमगले. गोवराचा विषाणू ज्या खुंटीला धरून पेशीत शिरतो, ती खुंटी नेमकी स्मृतिपेशींवर असते. म्हणजे हा चोर तिजोरी सोडून दप्तरच जाळतो. नेदरलँड्समधील लस न टोचलेल्या ७७ मुलांचे रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासले गेले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, इतर रोगांविरुद्धच्या त्यांच्या प्रतिपिंडांचा साठा ११ ते ७३ टक्क्यांनी घटलेला आढळला. जुन्या रोगांशी पुन्हा नव्याने ओळख होईपर्यंत मूल दुबळे राहते; काही महिने, कधी दोन-तीन वर्षेही. आणि गंमत अशी की गोवर स्वतःची आठवण तेवढी जन्मभराची मागे ठेवून जातो.

गोवराची लस आपल्या देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात १९८५ साली आली. आत्याच्या वेळी ती आमच्या गावापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. आज ती नवव्या महिन्यानंतर फुकट टोचतात. त्याआधी आईकडून आलेली उसनी प्रतिपिंडे बाळात असतात, ती लसीलाच निकामी करू शकतात. तरीही २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीच्या बाजूस, गोवराची साथ आली आणि मुले दगावली.

दिवाळीच्या सुट्टीत हे सारे मी आजीला सांगितले. पेशी, विषाणू हे शब्द टाळून, दप्तर आणि चोर एवढ्यावरच भागविले. त्या एका पोरीचे नेमके काय झाले, हे आज कोणीच सांगू शकणार नाही; पण अंघोळीने गोवर उलटत नाही, आणि गोवरानंतर छाती भरून मुले जात ती का जात, हे मी सांगितले. ती तांदूळ निवडीत होती. हात थांबला.

"मग पाण्याचं काही नव्हतं?"

"नाही, आजी."

"कोमट होतं रे पाणी. मी हात घालून बघितलं होतं," ती म्हणाली, आणि सूप पुढे ओढून पुन्हा तांदूळ निवडू लागली.