हंगामाआधी दारात उभं राहा

पोट्टेहो, इंटर्नशिप हा शब्द मोबाईलवर टाकला की पुणे निघतं, बंगळुरू निघतं, नाहीतर 'घरबसल्या' निघतं. गडचिरोली निघत नाही. मूल-सिंदेवाही तर नाहीच. म्हणून आपल्याकडे काही नाही असं धरून बसू नका. आपल्याकडची बरीच कामं जाहिरातीवर नाही, हंगामावर चालतात. कोणतं काम कोणत्या महिन्यात उभं राहतं हे ज्याला ठाऊक, तो आधी पोचतो. माझी सारी नोकरी टेबलामागे बसून अर्ज वाचण्यात गेली. चांगले अर्ज पुष्कळ यायचे, पण जागा भरून गेल्यावर.

आधी तेंदूचं घ्या. पेसा आणि 2006 चा वनहक्क कायदा आल्यापासून आपल्याकडच्या कितीतरी ग्रामसभा तेंदू नि बांबू स्वतः विकतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती आलं, ती गोष्ट तुम्ही भाषणात ऐकली असेल. भाषणात जे येत नाही ते सांगतो. विक्री हातात आली की हिशेबही हातात येतो. 70 पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी. कोणत्या घरानं आज किती पुडे आणले, किती बाद झाले, मजुरी किती निघाली, ठेकेदाराचा हप्ता कधी जमा झाला, रॉयल्टी कोणाला किती गेली, हे सगळं कोणीतरी रोज लिहावं लागतं. तेंदू गोळा होतो त्या फळीवर संध्याकाळी गर्दी होते, अंधार पडत जातो, ठेकेदाराच्या मुन्शीची वही एकीकडे आणि बायामाणसांची तोंडी मोजदाद दुसरीकडे. तिथं ग्रामसभेच्या बाजूनं स्वच्छ अक्षरात लिहिणारं एक शिकलेलं पोर असलं की भांडणं कमी होतात. बी.कॉम.च्या मुलांनी टॅलीचा क्लास लावण्याआधी एक हंगाम ही वही लिहावी. जमाखर्च काय असतो ते तिथं कळतं, कारण चूक झाली तर समोरची काकू सोडत नाही.

फळ्या एप्रिलच्या शेवटी, मे महिन्यात लागतात. तुम्ही मात्र बैठकीला मार्चमध्ये जायचं. अध्यक्षांना भेटून एका पानाचा अर्ज द्या. 'कोणतंही काम चालेल' असं त्यात लिहू नका. असा अर्ज वाचणाऱ्याला तुमच्यासाठी काम शोधत बसावं लागतं, आणि तो शोधत नाही. 'मी 1 मेपासून हंगाम संपेपर्यंत रोज दुपारी 3 ते 7 नोंदवही लिहीन आणि दर आठवड्याला बेरीज वाचून दाखवीन' असं लिहा. मानधन किती, जाण्यायेण्याचं भाडं मिळेल का, हे त्याच बैठकीत विचारून घ्या. विचारण्यात लाज नाही, नंतर कुरकुरण्यात आहे. आणि एक गोष्ट घरच्यांसाठी: मोहफूल-तेंदूच्या दिवसांत वाघाचे हल्ले होतात हे चंद्रपूरच्या माणसाला शिकवायला नको. तुमचं काम फळीवर आहे, पहाटे एकट्यानं जंगलात शिरण्याचं नाही.

दुसरं, तुमची बोली लपवू नका. माडिया, गोंडी येणारी पोरं बायोडाट्यात 'मराठी, हिंदी, इंग्रजी' एवढंच लिहितात. सिरोंच्याची तेलुगू बोलणारी, मुलचेऱ्याची बंगाली बोलणारीही तेच करतात. अरे, बाहेरून आलेला डॉक्टर किंवा संशोधक नेमका तिथंच अडतो. इंग्रजी येणारा माणूस त्याला नागपुरात कितीही मिळेल, भामरागडच्या म्हातारीशी माडियात बोलणारा मिळत नाही. ही भाषा पहिल्या ओळीत लिहा.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'नं 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. तो 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि जगभर गेला. त्याचा पाया होता गावातल्याच आरोग्यदूत बायकांनी घरोघर केलेलं काम आणि नीट ठेवलेल्या नोंदी. त्या काही पदवीधर नव्हत्या. तेव्हा 'मला काय येतं' असं म्हणण्याआधी नोंद ठेवता येते का ते बघा. सर्चच्या शोधग्रामला किंवा हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाला जायचं तर आधी पत्र किंवा मेल लिहा, उत्तर येऊ द्या, मग निघा. सहलीला आल्यासारखं दारात उतरू नका. सर्चचा 'निर्माण' हा तरुणांचा उपक्रम 2006 पासून चालतो. त्याला निवड असते, फॉर्म असतो, आणि तो फॉर्म एका रात्रीत भरता येत नाही. सोमनाथची श्रमसंस्कार छावणी मे महिन्यात असते. तिथं नोकरी मिळणार नाही, पण राज्यभरची मुलं भेटतात आणि हातात कुदळ येते. एकदा जाऊन या.

कलेची, माध्यमांची आवड असणाऱ्यांनी वडशाकडे बघावं. दिवाळी झाली की झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. गावोगाव मंडई, शंकरपट, आणि रात्रभर नाटक. पोस्टर, प्रकाश, ध्वनी, बुकिंग, तिकिटांचा हिशेब, आता तर मोबाईलवर फिरवायच्या जाहिरातीसुद्धा. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईवाल्यांना ही रंगभूमी दिसली. आपल्या लोकांची भाकरी तिच्यावर कधीपासून चालली आहे. नाटक कंपनीच्या मालकाला दिवाळीच्या महिनाभर आधी भेटा. नंतर त्याला जेवायलाही वेळ नसतो.

ताडोब्याचं थोडक्यात: जिप्सीत बसून वाघ बघणं हा अनुभव नव्हे. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं. गाईड व्हायचं तर त्या दिवसांत पक्षी, झाडं, गवतं शिका, इंग्रजी बोलण्याचा सराव करा. गाईड बहुधा आसपासच्या गावांतले असतात, त्यामुळे मोहर्ली-कोलाऱ्याकडच्या मुलांना इथं वाव आहे.

अभियांत्रिकी आणि आयटीआयवाल्यांचा रस्ता वेगळा. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचं, शिवाय वेकोलिच्या खाणी, गडचांदूर पट्ट्यातले सिमेंट कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल. एवढं सगळं अंगणात असून मुलं सुटी लागल्यावर पत्र घेऊन गेटवर जातात आणि सिक्युरिटीवाला परत पाठवतो. पत्र कॉलेजच्या प्लेसमेंट विभागातून जायला हवं, आणि सुटीच्या दोन-तीन महिने आधी. पदवी किंवा आयटीआय झाल्यावर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा आधार घ्या: 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. उपकार मागायला जातोय असा चेहरा करू नका.

2024 मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला 6 हजार, आयटीआय-पदविकेला 8 हजार, पदवीधराला 10 हजार महिना असं विद्यावेतन ठरलं. शिक्षण सुरू असताना ती मिळत नाही, म्हणून दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी तिच्यामागे धावू नये. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की महास्वयम पोर्टलवर नोंदणी करा आणि योजनेची तेव्हाची स्थिती जिल्ह्याच्या रोजगार मार्गदर्शन केंद्रात स्वतः जाऊन विचारा. व्हॉट्सॲपवर आलेलं खरं मानू नका.

कॉलेजात असताना तुमच्या हातात ऑन द जॉब ट्रेनिंगचे 4 क्रेडिट आहेत, म्हणजे 120 तास. रासेयोचेही दोन वर्षांत 240 तास भरतात. हे तास काही मुलं ओळखीच्या झेरॉक्सवाल्याच्या शिक्क्यावर उरकतात. गुण मिळतात, पण पुढं मुलाखतीत कोणी 'तिथं काय केलंस' एवढं विचारलं की तोंड उघडत नाही.

काम कुठंही करा, रोज रात्री चार ओळी लिहून ठेवा: काय केलं, कोणाबरोबर, काय चुकलं. शेवटच्या दिवशी तारखा, कामाचं स्वरूप, सही-शिक्का असलेलं पत्र मागून घ्या. ग्रामसभेच्या ठशाचं पत्रही चालतं. त्यात नेमकं काम लिहिलेलं असलं की पुरे. मुलींना 2023 पासून एसटीत अर्ध्या भाड्यात प्रवास आहे, तेव्हा तालुक्याला जायचं भाडं हे कारण घरी ऐकून घेऊ नका.

खाण आणि पोलाद कारखान्यात लावून देतो म्हणणारे हल्ली चहाच्या टपरीवर भेटतात. शिकाऊ म्हणून घेणारा पैसे मागत नाही, मूळ गुणपत्रिकाही ठेवून घेत नाही. कोणी तसं मागितलंच तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. फसलो हे सांगायला लाजू नका. तुम्ही बोललात तर मागून येणारी पोरं वाचतील.