"याच्या डोक्यात काही राहतच नाही!"



पहिल्या कम्युनियनच्या तयारीचे वर्ग सुरू झाले की आम्हा शिक्षकांच्या कानी एक वाक्य हमखास पडते, "टीचर, याच्या डोक्यात काही राहतच नाही!" ज्याच्याविषयी हे बोलले जाते तो बिचारा बहुधा आईचा हात धरून तिथेच उभा असतो. आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. काही वर्षांपूर्वी सात वर्षांच्या एका मुलीला दहा आज्ञा क्रमाने येईनात, म्हणून आम्ही तिला वर्गासमोर उभे केले. ती रडली आणि पुढच्या रविवारी आलीच नाही. त्यानंतर आम्ही या विषयावर थोडे वाचन केले. ते आपल्यासमोर ठेवतो.

स्मरण तर तान्ह्या बाळालाही असते. पायाला दोरी बांधून पाळण्यावरचे खेळणे हलवायला शिकलेले तीन महिन्यांचे मूल साधारण आठवडाभर ती युक्ती विसरत नाही, असे दिसून आले आहे. मात्र 'हे मला लक्षात ठेवायचे आहे' असे ठरवून त्यासाठी काहीतरी करणे, ही निराळीच गोष्ट. ती उशिरा आणि हळूहळू येते.

जॉन फ्लॅव्हेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांसह 1966 साली याविषयी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. पाच, सात आणि दहा वर्षांच्या मुलांना काही चित्रे दाखवली आणि त्यांतील काहींकडे बोट केले. ती कोणती, हे त्याच क्रमाने नंतर सांगायचे होते. मधल्या पंधरा सेकंदांत मुलांच्या डोक्यावरच्या अंतराळवीरासारख्या टोपाची झापड खाली यायची. डोळे झाकले जात, तोंड मात्र उघडे राही. समोर बसलेल्या माणसाला ओठांच्या हालचालीवरून शब्द ओळखता येत. मुले मनाशी नावे पुटपुटतात का, हे तो पाहत असे. पाच वर्षांच्या मुलांपैकी शेकडा 10 जणच पुटपुटत होते, सात वर्षांच्यांपैकी 60 आणि दहा वर्षांच्यांपैकी 85.

म्हणजे लहान मुले आळशी नव्हती की मंदही नव्हती. घोकायचे असते, हेच त्यांना सुचत नव्हते! पुढच्याच वर्षी, 1967 साली, न घोकणाऱ्या पहिलीच्या मुलांना तसे करायला शिकवले, तेव्हा ती घोकणाऱ्यांच्या बरोबरीने आठवू लागली. पण "आता तुम्हाला हवे तसे करा" म्हणताच त्यांतील निम्म्याहून अधिक मुलांनी घोकणे सोडून दिले. "कालच तर सांगितलं होतं!" हे आपले वाक्य इथे आठवावे. एकदा सांगून भागत नाही. युक्ती अंगवळणी पडेपर्यंत आपण सोबत करावी लागते.

गट पाडण्याची युक्ती त्याहूनही उशिरा येते. आपण मोबाइलचा दहा आकडी नंबर पाच-पाच करून सांगतो, तशी. आमची चूक नेमकी इथे झाली होती. पहिल्या तीन आज्ञा देवाविषयीच्या आणि उरलेल्या सात शेजाऱ्याविषयीच्या, एवढे आधी सांगितले असते तर त्या मुलीसमोर दहा सुटी वाक्ये पडली नसती. शिवाय पाठ झाले की नाही, हेही लहानांना नीट कळत नाही. "झालं पाठ!" असे ते खुशाल सांगतात आणि दोन मिनिटांत अडखळतात. हा खोटेपणा नव्हे, वय आहे. पुस्तक मिटून म्हणायला लावले की त्यांचे त्यांनाच समजते.

आणखी एक गोष्ट. मिशेलिन ची यांनी 1978 साली बुद्धिबळात मुरलेली, साधारण दहा वर्षांची मुले आणि बेताचे खेळणारी मोठी माणसे यांची तुलना केली. पटावरच्या सोंगट्यांच्या जागा मुलांनी अधिक आठवल्या, आकड्यांची यादी मात्र मोठ्यांनी. जे ओळखीचे, ते चटकन लक्षात राहते. आमच्या त्या मुलीला आईच्या पाटीतली मासळी नावानिशी ठाऊक होती आणि कालचा भावसुद्धा! तिच्या डोक्यात 'काही राहत नाही' असे आम्ही कसे म्हटले, याची आता लाज वाटते.

घरी करण्याजोगे फार अवघड नाही. रात्री जेवताना मुलाला नुसते "आज काय झालं?" विचारले की "काही नाही" हेच उत्तर येते. "लग्नाला गेलो होतो तेव्हा मांडवात कोण भेटलं? मग पाऊस आला तेव्हा तू कुठे होतास?" असे धागा धरून विचारले, तर ते बोलू लागते. ज्यांच्या घरी अशा गप्पा होतात, ती मुले पुढे आपले अनुभव अधिक तपशिलाने सांगतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. यात आजी-आजोबांचा हात कोण धरणार?

ती मुलगी तिसऱ्या रविवारी परत आली. आम्ही तिची क्षमा मागितली. तीन आणि सात असे गट करून आम्ही दोघांनी मिळून आज्ञा म्हटल्या. आठवीपाशी ती अडखळली, आणि खरे सांगायचे तर आम्हीही.

येत्या रविवारी मिस्सानंतर वर्ग नेहमीप्रमाणे भरेल. ज्या पालकांना जमेल त्यांनी मागच्या बाकावर पंधरा मिनिटे बसावे. पाठ करताना मुलांचे ओठ हलतात का, तेवढे पाहावे.