फीडर घे, पण धुता येईल असा

ऐक मने, तू पाठवलेले तिन्ही हमिंगबर्ड फीडरचे फोटो पाहिले. त्यातला रंगीत काचेचा सगळ्यात देखणा आहे, कबूल. पण तो घेऊ नकोस.

त्याची मान बघ. तुझं एक बोटही धड आत जाणार नाही. साखरेचं पाणी उन्हात चार दिवस टांगलेलं राहिलं की नेमकं तिथे, मानेच्या आतल्या वळणावर, बारीक काळे ठिपके धरतात. ती बुरशी. ब्रश आत जात नसेल तर तू काय करशील? बाटलीत पाणी हलवशील, ओतून देशील आणि वरून ताजं भरशील. म्हणजे ताज्या पाण्याला भरताक्षणीच जुनी बुरशी लागली. असलं पाणी पिऊन पक्षी आजारी पडू शकतो, आणि जेमतेम तीन ग्रॅम वजनाच्या जिवाचं आजारपण म्हणजे काय, ते तूच समज.

म्हणून दुकानात माझी एकच कसोटी. फीडर हातात घ्यायचा, त्याचे सगळे भाग सुटे करायचे आणि कानाकोपऱ्यात ब्रश पोचतो का ते पाहायचं. नाही पोचत? गुपचूप ठेवून द्यायचा. रंग, नक्षी, बाकी सगळं त्यानंतर.

बाजारात मुख्य प्रकार दोनच. एक उलटी बाटली आणि दुसरा पसरट, वर झाकण असलेला. उलट्या बाटलीवर ऊन आलं की आतली हवा प्रसरण पावते आणि पाणी खालच्या भोकांतून ठिबकायला लागतं. ठिबकलं की मुंग्या आल्या, गांधीलमाश्या आल्या. पसरट फीडरमध्ये पाणी भोकांच्या खाली राहतं. हमिंगबर्डची लांब जीभ तिथवर सहज पोचते, मधमाशीची पोचत नाही. शिवाय झाकण उघडलं की सगळं समोर, धुवायला दोन मिनिटं. तू पसरटच घे, आणि लहान घे. आठ औंसांचा पहिल्या वर्षी रग्गड होतो. लाल रंग असू दे, पण पिवळी फुलं चिकटवलेला नको, पिवळ्यावर गांधीलमाश्या येतात. बसायला कडी असली तर उत्तम. पक्षी टेकून पितो आणि आपल्याला त्याला नीट बघता येतं.

आता पाणी. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. बस. गरम पाण्यात विरघळव आणि पूर्ण गार करून भर. जास्तीचं फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. लाल रंगाच्या तयार बाटल्या दुकानात हारीने मांडलेल्या दिसतील, तिकडे बघूसुद्धा नकोस. फीडर लाल असला की पुरे, पाणी लाल करायचं काही कारण नाही.

मे महिन्यात आई आली की हमखास म्हणेल, "अगं, साखर कसली देता त्या बिचाऱ्यांना, मध घाला, नाहीतर गूळ तरी." आईला समजावणं तुझ्याकडे! पाण्यात कालवलेला मध लवकर आंबतो आणि त्यात बुरशी वाढते. गूळ आणि ब्राऊन शुगर यांतलं लोह या पक्ष्यांना सोसत नाही. पिठीसाखरेत कॉर्नस्टार्च असतं. आणि शुगर-फ्री गोळ्या तर मुळीच नको, या जिवाला दिवसभर पंख मारायला खरी साखरच लागते.

आई आणखी एक म्हणेल, "हा तर आपल्या जास्वंदीवरचा शिंजीर!" दिसायला भास होतो खरा, पण नातं काही नाही. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच असतात. शिंजीर बहुतेकदा फांदीवर बसून फुलात चोच घालतो. हा हवेत एका जागी थांबतो, पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात, आणि दिसण्याआधी त्याची घूंऽऽ ऐकू येते. फीडरजवळ उभी राहा आणि नीट बघ. जिभेला टोकाशी दोन फाटे असतात, ती सेकंदाला दहापेक्षा जास्त वेळा आतबाहेर करते. नराचा गळा सावलीत चक्क काळा दिसतो. त्याने मान जराशी वळवली, ऊन नेमकं पडलं, की तोच गळा लालभडक पेटतो. आपल्या न्यू जर्सीत, किंबहुना सगळ्या पूर्व अमेरिकेत, घरटी करणारा हा एकच, रुबी-थ्रोटेड. कॅलिफोर्नियातल्या मावशीकडे अ‍ॅनाज हमिंगबर्ड बारा महिने असतो, तेव्हा तिचं वेळापत्रक आपल्याला लागू नाही.

आपलं वेळापत्रक असं. एप्रिलच्या मध्यावर फीडर टांगायचा, कारण महिनाअखेरीस पहिले नर पोचतात. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून येतात. त्यांतले कितीतरी मेक्सिकोचं आखात एका दमात, न थांबता पार करतात, जवळजवळ पाचशे मैल. सप्टेंबरमध्ये परतीचा प्रवास सुरू होतो. कोणीतरी तुला सांगेल की फीडर राहू दिला तर पक्षी जायचेच नाहीत. खोटं आहे ते. दिवस लहान व्हायला लागला की त्यांना जायची वेळ कळते, तुझ्या साखरेवर ते अवलंबून नाही. उलट, शेवटचा पक्षी दिसल्यावरही दोन आठवडे फीडर राहू दे, उत्तरेकडून येणारा एखादा मागे राहिलेला असतो.

टांगायचा कुठे? सकाळचं ऊन आणि दुपारी सावली असेल तिथे. खिडकीपासून एकतर तीन फुटांच्या आत, नाहीतर तीस फुटांच्या पलीकडे. मधल्या अंतरावर पक्षी वेगाने येऊन काचेवर आपटतो. मुंग्यांसाठी वर पाण्याची छोटी वाटी लावायची, ती तयार मिळते. दांडीला तेल किंवा व्हॅसलिन फासू नकोस, पिसांना लागलं तर पक्ष्याला ते काढता येत नाही. आणि फीडरवर मोठा प्रार्थनाकीटक बसलेला दिसला तर त्याला हलक्या हाताने दुसऱ्या झुडपावर सोड. तो हमिंगबर्ड पकडतो, चेष्टा नाही.

एक नर आला की फीडर त्याच्या बापाचा! जवळच्या फांदीवर बसेल आणि येईल त्याला हुसकावून लावेल. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. घराच्या दुसऱ्या बाजूला, त्याच्या नजरेआड, आणखी एक छोटा फीडर लाव. दोन्हीकडे पहारा देणं त्याला जमत नाही.

आता खरी गोष्ट. जुलैत नव्वद फॅरनहाइटच्या वर गेलं की पाणी रोज बदलायचं. एरवी उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, गार हवेत चार-पाच दिवसांनी. दर वेळी गरम पाणी आणि ब्रश. ठिपके दिसले तर पांढरं व्हिनेगर घालून भिजवायचं आणि खळखळून धुवायचं. पाणी गढूळ दिसलं की वाट बघायची नाही, ओतून द्यायचं. फीडर अर्धाच भर म्हणजे ओतताना जीव तुटत नाही. हे तुझ्याकडून एप्रिलपासून फीडर उतरवेपर्यंत होणार आहे का, ते खरेदीच्या आधी स्वतःला विचार. "तो करेल" असं नवऱ्याच्या भरवशावर धरू नकोस, मी तुम्हा दोघांनाही ओळखते.

ऑगस्टमध्ये महिनाभर पुण्याला जाणार असाल तर फीडर खुशाल उतरवून, धुऊन, आत ठेवून जा. अपराधी वाटून घेऊ नकोस. पक्षी तुझ्यावर जगत नाहीत. त्यांना फुलं आहेत, शिवाय ते चिलटं आणि बारीक कोळीही खातात, पिल्लांना तर तेच भरवतात. म्हणून लॉनवाला कीटकनाशक मारायचं पॅकेज गळ्यात मारायला आला तर नाही म्हण.

आणि एवढं धुणं होणार नाही असं वाटलं, तर फीडर घेऊच नकोस. कुंपणाशी ट्रम्पेट हनीसकलचा वेल लाव, इथलाच, जपानी नव्हे, तो रान माजवतो. ओलसर कोपऱ्यात कार्डिनल फ्लॉवर, उन्हात बी बाम. फुलं स्वतःचा रस रोज ताजा करतात, ब्रश लागत नाही. नर्सरीत जायचं असेल तर शनिवारी सकाळी फोन कर, मी येते.