विंचू : त्याची शरीररचना व त्याचा दंश

'विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण नित्य ऐकतों. परंतु विंचवाच्या पाठीकडे निरखून पाहणारे लोक थोडेच. विंचू दिसतांच आपला हात प्रथम वहाणेकडे जातो. हें भय खोटें आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि ज्याचें भय बाळगावयाचें, त्याची नीट ओळख करून घेतली, तर भयाच्या जागीं सावधगिरी येते, आणि सावधगिरीनें प्राण वांचतात. म्हणून या लेखांत आम्ही प्रथम विंचवाच्या शरीराची रचना पाहूं व मग त्याच्या दंशाचा विचार करूं.

पुष्कळ लोक विंचवास किडा म्हणतात. शास्त्रदृष्ट्या तें बरोबर नाहीं. झुरळ, मुंगी, फुलपांखरूं या कीटकांस पायांच्या तीन जोड्या असतात. विंचवास चार असतात, आणि त्यास पंख नाहींत व मिशाही नाहींत. तो कोळ्याचा व गोचिडीचा भाऊबंद असून 'अष्टपाद' वर्गांत मोडतो. कीटक, खेकडे, गोम व विंचू या सर्वांस मिळून 'संधिपाद' असें नांव आहे, कारण त्यांचे पाय सांध्यासांध्यांचे असतात. यांपैकीं कोणाच्याही अंगांत हाडें नाहींत. आपला सांगाडा आंत, तर त्यांचा बाहेर! कायटिन नांवाच्या द्रव्यानें बनलेलें कठीण कवच हेंच त्यांचें हाड व हेंच त्यांचें कातडें. परंतु अंग वाढतें, कवच वाढत नाहीं. म्हणून पूर्ण वाढ होईपर्यंत विंचवास सुमारें पांच ते सात वेळां कात टाकावी लागते. नवें कवच टणक होईपर्यंत तो अगदीं दुबळा असतो व दगडाखालीं दडून राहतो.

विंचवाच्या शरीराचे मुख्य भाग दोन : शिरोवक्ष व उदर. शिरोवक्षावर मध्यभागीं दोन डोळे व कडांस आणखी कांहीं बारीक डोळे असतात. तरी त्याची दृष्टि मंदच. भक्ष्याची चाहूल त्यास पायांनीं लागते. जमिनीचा सूक्ष्म कंपही त्यास कळतो. पुढचे दोन मोठे चिमटे हे पाय नव्हेत, तर भक्ष्य धरण्याचे हात होत. तोंडाजवळच्या दोन लहान चिमट्यांनीं तो भक्ष्य कुसकरतो, त्यावर पाचक रस सोडतो व पातळ झालेलें अन्न शोषून घेतो. पोटाखालीं कंगव्यासारखे दोन अवयव असतात. त्यांनीं तो जमीन चांचपतो. त्यांच्या मागें श्वासाचीं आठ छिद्रें असून, आंत पुस्तकाच्या पानांप्रमाणें एकावर एक रचलेल्या पातळ पडद्यांचीं फुप्फुसें असतात. ज्यास आपण शेपूट म्हणतों, तें वस्तुतः उदराचेच शेवटचे पांच अरुंद भाग होत. आंतडें त्यांतूनच जातें. त्यांच्या टोंकाशीं फुगीर कुपी व वांकडा कांटा असतो. हीच नांगी. कुपींत विषाच्या दोन ग्रंथि असतात.

विंचवाची मादी अंडीं घालीत नाहीं. ती जिवंत पिलांस जन्म देते. तीं पांढुरकीं, मऊ पिलें आईच्या पाठीवर चढतात व पहिली कात टाकीपर्यंत तेथेंच राहतात. हेंच तें पाठीवरचें बिऱ्हाड! पिलें आईस खाऊन बाहेर पडतात, ही समजूत खरी नव्हे.

आतां विषाकडे वळूं. मोठी काळी इंगळी पाहून आपण घाबरतों, पण तिचे चिमटे जाड व शेपूट बारीक असते. ज्याच्या हातांत बळ आहे, त्यास विषाची गरज कमी. उलट कोंकणांत आढळणारा लाल विंचू जेमतेम दोन-तीन इंच लांब. त्याचे चिमटे नाजूक, पण शेपूट जाड. त्याचें विष फार घातक असतें, व लहान मुलांस तर विशेषच. अर्थात् दंश कोणत्याही विंचवाचा असला, तरी हयगय करूं नये.

लाल विंचवाच्या विषानें मज्जातंतु खवळतात. शरीरांत उत्तेजक द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व हृदयावर असह्य भार पडतो. ओकाऱ्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय हीं पहिलीं चिन्हें. पुढें फुप्फुसांत पाणी होऊन धाप लागते. पूर्वी अशा गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा पंचवीस-तीस दगावत. आजच्या रायगड जिल्ह्यांतील महाड भागांत काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून हीं चिन्हें बारकाईनें टिपलीं, आणि रक्तवाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें औषध वापरून पाहिलें. १९८६ सालीं त्यांचा अनुभव 'लॅन्सेट' या विलायती वैद्यक नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. या उपायानें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा दोन ते चारांवर आलें. २०२२ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. ही विद्या कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेंत नव्हे, तर आपल्याच खेड्यांतील खाटेजवळ निर्माण झाली, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

पालकांस आमची विनंति एवढीच, कीं विंचू चावल्यास मंत्र, अंगारा, चिरा देणें, घट्ट दोरी बांधणें यांत वेळ दवडूं नये. मुलास धीर द्यावा व तडक दवाखान्यांत न्यावें. औषध वैद्यानेंच द्यावें. मुलांनीं वहाणा झाडून घालाव्या, अंथरूण झटकावें, जळण व दगड यांत उघडा हात घालूं नये. रात्रीं शोध घ्यावयाचा असल्यास जंबुपार किरणांचा दिवा उपयोगी पडतो, कारण त्या प्रकाशांत विंचवाचें कवच हिरवट निळें चमकतें.

विंचू आपणांवर चालून येत नाहीं. तो आपल्या अंधाऱ्या बिळांत झुरळें व किडे खाऊन राहतो. चाळीस कोटींहून अधिक वर्षें त्याचें कुळ या पृथ्वीवर नांदत आहे. परमेश्वराच्या सृष्टींतील या जुन्या रहिवाशाचा द्वेष करण्याचें कारण नाहीं. त्याची ओळख ठेवावी आणि त्याच्या वाटेंत आपला हात घालूं नये, म्हणजे झालें.