घरचा संगणक व लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज १०’ ह्या प्रणालीचा नेहमींचा मोफत सुरक्षा-आधार थांबविला. ‘विंडोज ११’ ला टी. पी. एम. २.० नांवाची सुरक्षा-योजना लागते व ती पुष्कळ जुन्या यंत्रांत नसते. त्यामुळें आमच्या जामसंडे-देवगडकडील पालकांपुढेंही असा प्रश्न येतो कीं, धडधाकट संगणक टाकून नवा घ्यावा काय? ज्या घराचा वर्षाचा खर्च आंब्याच्या एका हंगामावर चालतो, त्या घरीं हा प्रश्न लहान नव्हे. त्याचें एक उत्तर लिनक्स हें आहे.

संगणकाचे पडदा, कळफलक, स्मृति इत्यादि अवयव एकत्र चालविणारी जी मूळ आज्ञावली, तीस ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज ही तशी एक, लिनक्स ही दुसरी. सन १९८३ मध्यें अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं सर्वांस मोकळी अशी प्रणाली रचण्याचा ‘ग्नू’ नांवाचा संकल्प जाहीर केला. पुढें १९९१ मध्यें हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें ‘कर्नल’ म्हणजे प्रणालीचा गाभा लिहून जगापुढें ठेवला. ह्या दोहोंच्या मिलाफानें आजचें लिनक्स सिद्ध झालें. अँड्रॉइड फोनांतही हाच गाभा आहे.

दोन्ही प्रणालींतील मुख्य भेद हापूसच्या उदाहरणानें समजेल. विंडोज विकत घेणें म्हणजे फळ घेणें. झाड मालकाचेंच राहतें. लिनक्स म्हणजे शेजाऱ्यानें दिलेलें कलम. तें आपल्या दारीं लावावें, वाढवावें व त्याचें कलम पुन्हां दुसऱ्यास द्यावें. मूळ झाडास उणेपणा येत नाहीं.

आतां उपयोग पाहूं. ‘लिनक्स मिंट’ ची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ति दोन जी. बी. स्मृतीवरही चालते; चार असल्यास उत्तम. पत्रें व हिशेब ‘लिब्रेऑफिस’ मध्यें होतात, गाणीं व चित्रपट ‘व्हीएलसी’ वर चालतात, चित्रें ‘गिंप’ मध्यें सुधारतां येतात, आणि लहान भावंडांकरितां ‘जीकॉम्प्री’ हा बोधपर खेळांचा संच आहे. मराठी युनिकोडमध्यें इन्स्क्रिप्ट कळफलकानें टंकितां येतें. मुंबईच्या आय. आय. टी. च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ योजनेंत ह्या विषयांवरील लहान लहान पाठ मराठींतूनही ऐकावयास मिळतात. केरळांतील सरकारी शाळांत तर मुलें लिनक्सवरच संगणक शिकतात.

तथापि उणिवाही जाणून असाव्या. फोटोशॉप व मायक्रोसॉफ्ट ऑफिस लिनक्सवर थेट बसत नाहींत. ज्या ऑनलाइन खेळांत लबाडी रोखण्याची निराळी योजना असते, त्यांपैकीं ‘व्हॅलोरंट’ सारखे कित्येक चालत नाहींत. युनिकोडपूर्वींच्या जुन्या फॉन्टांत टंकलेले मराठी कागद तो फॉन्ट बसविल्याविना किंवा रूपांतराविना वाचतां येत नाहींत. कांहीं छापयंत्रेंही कुरकुर करितात. ज्यांचा व्यवसाय अशा साधनांवर अवलंबून आहे, त्यांनीं घाई करूं नये.

म्हणून आधीं परीक्षा घ्यावी. लिनक्स पेन ड्राइव्हवर उतरवून त्यावरूनच संगणक सुरू करितां येतो. हार्ड डिस्कवर कांहीं न बसवितां सर्व पाहतां येतें. छापयंत्र, आवाज व वायफाय ठीक चालतात कीं नाहीं हें तेव्हांच कळतें. पसंत पडल्यास घरचीं छायाचित्रें व कागदपत्रें प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावीं आणि मगच प्रणाली बसवावी. बसवितांना ‘डिस्क पुसा’ हा पर्याय निवडल्यास जुनें सर्व नाहींसें होतें, हें ध्यानांत असावें.

शेवटीं पालकांस एक विनंति. पैसे वांचावेत म्हणून चोरटी प्रत घरांत आणूं नये. तीबरोबर पुष्कळदां घातक आज्ञावलीही येतात. शिवाय दुसऱ्याची वस्तु न विचारतां घेण्यास हरकत नाहीं, असा धडा मुलें नकळत शिकतात. जें उघडपणें व विनामूल्य मिळतें, तें असतां चोरी कशास? आणि विद्यार्थ्यांनो, लिनक्सची घडण कशी आहे हें उघडून पाहण्याची तुम्हांस पूर्ण मुभा आहे. तिचा लाभ घ्या. कारण यंत्र चालविणें पुष्कळांस येतें, तें समजून घेणें थोड्यांस.